पायांकडची

प्रोफेसर धुंडिराज गेले, तेव्हा शपथही गेली.
आता सांगायला हरकत नाही:
त्या पेटीत आम्ही दोघी असायचो.

पेटी माझ्या बापाने केली. दुकान भवानी पेठेत,
लाकूड बाजाराच्या मागच्या अंगाला.
देव्हारे केले, कपाटं केली, एका तालमीचं दार केलं,
आणि एकदा काळ्या कोटातला माणूस आला. म्हणाला,
पांचाळ, बाहेरून वीतभर दिसेल
आणि आत हातभर मावेल, असं काही जमतं का?
बापाने कानावरची पेन्सिल काढली.
मापाला घरात मीच होते. चौदाची.

डोक्याकडची मी.
पायांकडची शहनाज, आधीच टेबलाच्या पोटात मुरून बसलेली.
मी आत शिरून गुडघे हनुवटीला लावले
की तिने घोटे बाहेर काढायचे.
दोघींना एकच अळता, एकाच सोनाराची पैंजणं.
करवत आमच्या मधल्या चार बोटांतून जायची.
भुसा नाकात जायचा. शिंकायचं नाही.
मग प्रोफेसर ओरडायचे,
"यमुना, पायाची बोटं हलव!"
आणि माझ्या नावावर
शहनाज बोटं हलवायची.
खडकीच्या कारखान्यातले कामगार बाकांवर उभे राहायचे.

तिचा आजा मदारी.
कॅम्पात, साहेबांच्या क्लबाबाहेर
टोपलीत पोर घालून तलवारी खुपसायचा.
साहेब फोटो काढायचे, आणा फेकायचे,
मग शिपाई काठी आपटायचा, चल हट.
तीच टोपली गं, शहनाज म्हणायची,
तुझ्या बापाने तिला पाय लावले,
प्रोफेसरने मखमल लावली, तिकीट लावलं.
जमिनीवर होती तोवर भीक,
फळीवर चढली तर कला.
मला तेव्हा एवढं कळत नव्हतं.
मला पैंजण घट्ट होतं, तेवढंच कळत होतं.

माझी आई तिच्या हातचं पाणी घ्यायची नाही.
तरी अकरा वर्षं
रविवारी दोन खेळ, गणपतीत चार,
तिच्या पायांवर मी चालत घरी आले
असंच सगळ्या पुण्याने पाहिलं.

एकदा खेळ संपल्यावर एक बाई मागच्या दाराने आली.
खण, नारळ, ओंजळभर तांदूळ.
कापून जगलेली पोर, म्हणाली, ओटी भरते.
प्रोफेसर कावले. बाई, खोटं असतं हो हे!
आरंभीच सांगतो की मी, फसवणार आहे म्हणून.
ती म्हणाली, असेना.
जोडली गेली ना शेवटी?
नारळ आम्ही पेटीच्या कोपऱ्यावर आपटून फोडला.
मोठी भकल शहनाजने घेतली. हक्कच होता.

पुढे एक महाराज आले, गाडीतून, सातारा रस्त्यावरून.
पादुका हव्या होत्या, आपोआप मध गाळणाऱ्या.
दुप्पट मजुरी.
बाप म्हणाला, करतो की.
फक्त बाहेर पाटी लावा, पोकळी भवानी पेठेतली.
गाडी वळायला गल्लीत जागा नव्हती,
उलटी उलटी गेली. आम्ही हसलो.
नंतर त्यांना दुसरा सुतार मिळाला.
मिळतोच.

शहनाज लग्न होऊन मालेगावला गेली.
तीन पोस्टकार्डं आली, तिन्ही दुसऱ्याच्या हातची.
पेटीत आता जावेच्या गोधड्या आहेत.
चोरकप्पा तिला अजून सापडलेला नाही.

माझे गुडघे गेलेत.
ससूनमध्ये आडवी केली, हिरवी चादर टाकली,
कमरेपासून खाली काही दिसेना.
पोरसवदा डॉक्टरीण म्हणाली,
आजी, पायाची बोटं हलवा बरं.

मी पडून राहिले.
आजी, ऐकू येतंय ना?
येतंय गं. थांब जरा.
हलवेल ती.