खालून तिसरी

डलूथला सप्टेंबर हा महिना नसतो, मुदत असते.
ऑक्टोबरात ओतलेलं काँक्रीट रात्रीत गोठतं
आणि बर्फ वितळला की पापुद्र्यांनी हातात येतं.
हे मला कुणी सांगितलं नाही.
बाबांच्याच या जिन्याने शिकवलं.

नऊ पायऱ्या, घरामागून तळघरात उतरणाऱ्या.
साठ हिवाळे आम्ही त्यांना मीठ घातलं, बर्फ सुटावा म्हणून.
खाल्ल्या मिठाला काही त्या जागल्या नाहीत.
कडा झडल्या, मधे खळगे पडले,
खळग्यात पाणी, पाण्यात मेपलचं एखादं पान
कुजून चहाच्या रंगाचं.

हातोडीने ठोकत उतरते.
टणक वाजली की ठेवायची,
बद्द वाजली की फोडायची.
पहिली बद्द. दुसरी बद्द. चौथीची भिंतीकडची बाजू बरी.
सातवीत सळीच उघडी पडलेली,
गंज असा, की वाटावं
गोदीवरची खनिजाची माती बाबांच्या खिशातून
थेट इथे सांडली.

वरून सातवी, म्हणजे खालून तिसरी.
आमच्या घरातली बदनाम पायरी.
बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच.
फळी सरकली, की हिशेब चुकला,
की बीअर जरा लवकर उघडली, कोण जाणे.
शनिवारी सौनाला येणारं प्रत्येक जण
तिथे एकदा तरी अडखळलेलं:
ऐली मावशी, कोळी हालवर,
आणि टॉवेल गुंडाळलेले पाद्री, ज्यांच्या तोंडून त्या दिवशी
आम्ही मुलांनी एक नवा फिनिश शब्द शिकला.

बाबा कधी अडखळले नाहीत.
रात्रपाळीहून ते आधी तळघरात जात, अंग धुवायला.
वर अंथरुणात मी मोजायची:
सहा ठोके सारखे,
सातवा घाईचा,
मग जरा लांबलेली शांतता,
आठवा. नववा. दार.
मग मी कूस बदलायची.

शेजारचा रॉयस डेफो लेव्हल घेऊन आला.
बुडबुडा बघून हसला, मग हसायचा थांबला.
"इर्या, ही काप. त्रेसष्ट वर्षांची आहेस तू."
मी म्हटलं, माणसाने आपली पायरी ओळखून राहावं.
म्हणजे काय, त्याने विचारलं.
काही नाही म्हटलं, आणि ग्राइंडर लावला.

दीड इंच कापायला अर्धा दिवस गेला.
नाकातोंडात, पापण्यांवर पांढरी धूळ.
मग तारेचा ब्रश, मग पाणी,
जुन्या अंगावर सिमेंटचा पातळ हात,
वर लापशीइतका घट्ट माल.
थापीने प्रत्येक पायरीला पुढे किंचित उतार दिला,
पाण्याला थांबायचं निमित्त मिळू नये म्हणून.
शेवटी खराटा ओढला, आडवा, एकाच दमात:
ओल्या बुटाला धरायला काहीतरी हवं.

काँक्रीट वाळत नाही, बाबा म्हणायचे, ते पिकतं.
सात दिवस गोणपाट ओलं ठेवलं.
रात्री उठूनही झारीने शिंपलं,
खाली तलावावर एखादं जहाज भोंगा द्यायचं
आणि पूल उचलल्याचं उत्तर यायचं.

आठव्या दिवशी रॉयसची नात
धडाधड उतरून गेली. नऊ सारखे ठोके.
तिला कळलंसुद्धा नाही
की असं या घरात आजवर कुणी उतरलेलं नाही.

तिच्यामागे मी, हातात सौनाची लाकडं.
चार, पाच, सहा,
आणि सातव्याला माझं पाऊल थांबलं
जिथे जमीन असायची तिथे.
जमीन नव्हती.
दीड इंच नुसती हवा,
बाबांनी साठ वर्षांपूर्वी भरून ठेवलेली,
मी मागच्या मंगळवारी काढून टाकलेली.
मग पाय टेकला.

लाकडं सगळी खाली गेली होती.
वरून रॉयस ओरडला, कठडा कधी बसवणार?
म्हटलं, बघू. पुढच्या सप्टेंबरात.