बासष्ट नंबर

झोएबशेठ जिन्यातून ओरडतात, बाई, कप कोण नेणार?
धोबीतलावला पोटमाळ्यावर मी शर्टांचे नंबर कापते.
मला हे विचारणं म्हणजे
बँडवाल्याला विचारणं, लग्न टिकेल का.
पण त्यांना आकडा हवाय.
लाल किती, निळे किती, आडव्या पट्ट्यांचे किती,
भिवंडीला माल आजच सांगायचा,
आणि स्पर्धा शुक्रवारी सुरू,
तिकडे अमेरिकेत, आपल्या पहाटे साडेपाचला.

सरावाचे सामने, शेठ. हंगामाआधीचे.
निकाल कुठल्या वहीत चढत नाहीत.
तरी लिहून घ्या.

लिस्बनवाले पहिल्याच दिवशी तीन गोल खातील,
त्यांची बचावफळी अजून सुट्टीवरून आलेली नाही,
आली असेल तर बुटात वाळू घेऊन.
म्युनिकवाले पळतील. ते सुट्टीतही पळतात.
मिलानचा कोच नवा आहे,
सगळ्यांना बघायचंय त्याला,
साठाव्या मिनिटाला अकराच्या अकरा बदलेल
आणि कॉमेंट्रीवाल्याची बोबडी वळेल.
रिओवाल्यांचा मात्र हंगाम अर्ध्यावर आलाय,
पाय तापलेत, भांडणं जुनी आहेत.
कपाला सराव समजायचं त्यांना कोणी सांगितलेलं नाही.
फायनल रिओ आणि म्युनिक.
पेनल्टीवर रिओ.
पिवळे वाढवा.

माद्रिदचा नऊ नंबर कोरा ठेवा.
जुना विकला गेला, नवा अजून विमानतळावर.
मागच्या जुलैत एकाच्या नावाचे दोनशे चाळीस छापले आपण,
सोमवारी तो तुर्कस्तानला गेला.
ते खोकं अजून टेबलाखाली आहे,
दुपारी त्यावर पाय ठेवून मी डबा खाते.
मदनपुऱ्याचा सुफियान येतो, उधारीवाला,
छातीठोक सांगतो, आंटी, पक्की खबर, नऊ नंबर फ्रान्सचा येणार.
त्याची पक्की खबर
गेल्या वर्षी त्याच खोक्यात गेली.

हवा दमट आहे, गोंद नीट धरत नाही.
प्रेस एकशे पन्नासवर, पंधरा सेकंद दाब,
वाफेत आठाचा तीन होतो कधी कधी.

आणि हो,
एक शर्ट माझ्या हिशेबात घाला.
रॉटरडॅमचा, बासष्ट नंबर.
नाव नको. ते कोणाला माहीत नाही अजून.
सतरा वर्षांचा आहे, यादीत सगळ्यात खाली,
मोठ्यांचे गुडघे जपायचे म्हणून बरोबर नेलाय.
दुसऱ्या सामन्यात, चार-एक झालेले असताना,
लोक गाड्या काढायला निघालेले असताना,
ब्याऐंशीव्या मिनिटाला तो उठेल.
मोजे दोनदा वर ओढेल.
चेंडू त्याच्याकडे तीनदा येईल.
दोनदा तो मागे देईल, घाबरून, आणि अगदी बरोबर.
तिसऱ्यांदा काय होईल
ते मी सांगणार नाही.

शेठ जिना चढून वर आले. दम लागला होता.
कोण घेणार हा?

मी म्हटलं, अठ्ठ्याऐंशी साली कूपरेजवर
बायकांचा एक मैत्रीचा सामना झाला होता.
स्कोअर कुठे छापून आला नाही.
राखीव गोलकीपरला शेवटची नऊ मिनिटं मिळाली,
हातमोजे उसने, बोटं अर्धा इंच लांब.
एक चेंडू आला, डावीकडून, जमिनीलगत, चिखल उडवत.
मोज्याच्या त्या रिकाम्या अर्ध्या इंचाला लागला
आणि खांबाबाहेर गेला.

शेठनी प्रेसकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं.
मग चष्मा पुसला आणि वहीत लिहिलं:
पिवळे शंभर. लाल ऐंशी. निळे साठ.
नऊ नंबर कोरे.
बासष्ट, एक.

साइज काय टाकू, बाई? पोरगा तर काडी असेल.

माझीच टाका, म्हटलं.
एक्स्ट्रा लार्ज.