दुसरी किल्ली

जिन्यात वास यायला लागला तेव्हा
मी आधी मेलेला उंदीर शोधला.
उंदीर नव्हता. गुरसिद्ध तिगडी होता.
वरच्या खोलीत राहतो, भाडं साडेचार हजार,
उद्यमबागेत फाउंड्रीत रात्रपाळी.
पहाटे येतो, पायरीपायरीवर काळी वाळू सांडत,
आणि दार लावून झोपतो दुपारपर्यंत.

एकदा दार किलकिलं होतं.
खुर्चीवर बनियन, बनियनवर कागदात अर्धी भाकरी,
आणि जमिनीवर जिकडेतिकडे भांडी,
पाय ठेवायला जागा नाही.
एवढंच पाहिलं आणि बांगड्या वर सारल्या.

दुसरी किल्ली माझ्या देव्हाऱ्यामागे, खिळ्याला.
खोली माझी.
वडगावात मागांच्या खडखडाटात कांड्या भरून भरून
एक कान गेला, तेव्हा तो स्लॅब पडला.
मग मी का नाही जायचं आत?

पुण्याहून मुलगा म्हणाला, कुलूप बदल.
दीर म्हणाले, नळ तोड, दोन दिवसांत सरळ होतोय बघ.
वकील काकतकरांनी चष्मा कपाळावर सारला.
"वैनी, भिंत तुमची. आतला पसारा त्याचा.
पाणी तोडायचं नाही. सामान बाहेर काढायचं नाही.
करारात लिहिलंय, बघायचं तर एक दिवस आधी सांगायचं,
दिवसाउजेडी जायचं.
घाणीनं घर बिघडत असेल तर तसं लिहून द्या,
मुदत द्या, मग पुढचं पुढं."
फी पाचशे.

घरी येऊन किल्ली काढली, परत लावली.
देवासमोर चोरी नको म्हणून नव्हे,
पाचशे वाया जातील म्हणून.

रविवारी त्याला जिन्यातच गाठला.
"नाळे मध्यान्न खोली नोडाक बरतेनि."
"बर्री अक्का, बर्री," म्हणाला,
आणि त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

सोमवारी गेले. झाडू घेऊन उभा होता,
पहिल्यांदा बंदूक दिलेल्या शिपायासारखा.
वास होताच. झुरळं होतीच. त्यावर मी बोललेच.
पण भांडी खरकटी नव्हती.
पातेलं उशाशी, डबा दाराशी, तांब्या खिडकीखाली,
एक परात चक्क अंथरुणावर,
आणि प्रत्येकात पाणी, चुन्यानं गढूळ.
वर पाहिलं.
पोपडे धरलेला माझा स्लॅब,
बरोबर माझ्या टाकीखाली.

"सांगायचं नाही होय रे?"
तो गोंधळला.
"चीटी कोट्टिद्न्यल्री अक्का, आषाढदाग."

दिली होती खरी.
दाराखालून सरकवलेली वहीच्या कागदाची घडी.
कंपनीचं काहीतरी असेल म्हणून
मी ती लाइटबिलांच्या तारेत खोचून ठेवली.
कन्नड मला बोलता येतं, भांडता येतं,
रविवारपेठेत भाव पाडता येतो.
वाचता येत नाही.

समोरच्या शिंप्याच्या पोरीकडून वाचून घेतली.
तीन ओळी. माळिगी सोराकत्तैती. छत गळतंय.
खाली सही, आणि सहीखाली
"तुमची सवड बघून."
मी एक दिवस आधी सांगितलं होतं.
त्यानं तीन महिने.

गवंडी गुरुवारी येतो म्हणालाय.
भाकरी झाकून ठेव, असं मी गुरसिद्धला मराठीत सांगितलं,
त्यानं मान हलवली, भाकरी उघडीच आहे.
पायऱ्या धुण्याचे पैसे डिपॉझिटातून कापणार होते.
आता कुणी कुणाचे कापायचे,
ते काकतकरांना विचारायचं म्हटलं
तर आणखी पाचशे.