भार कुठं यायलाय

पहिल्या पिशवीचं तोंडच मी शिवून टाकलं.
चारी बाजूंनी बंद, खाकी,
उशीसुद्धा म्हणता येईना तिला.
सुभद्रा पदर तोंडात धरून हसली,
"आता सामान कुठून भरायचं, मास्तर?"

पोरगी नर्सिंगला नांदेडला गेली
आणि तिचं पायमशीन माझ्याकडं बघत बसायचं.
मीही निवृत्त, तेही.
बत्तीस वर्षं गंगाखेड–राणीसावरगाव,
तिकिटांना भोकं पाडलेला हा हात
सुईच्या भोकापुढं थरथरला.
"दोरा ओला करा,"
खिडकीतून मेहरून आपा म्हणाल्या,
"आन् तरी बी नाही गेला, तर सुईला करा ओलं."

गल्लीतले निम्मे ब्लाऊज त्यांच्या हातचे.
मला म्हणाल्या, ब्लाऊजच्या नादी लागू नका,
ब्लाऊज बिघडला की बाई बोलते.
पिशवी करा.
पिशवी बिचारी काही बोलत नाही,
नुसती फाटते.

मग दुसरी. एक बंद लांब, एक आखूड,
टपावर एकाच अंगाला पोती चढवलेल्या गाडीगत
कललेली.
तिसरीची टीप नागमोडी.
सुईकडं बघायचं नसतं, हे मला महिन्यानं कळलं,
बघायचं कापडाच्या कडेकडं;
ड्रायव्हर काय बोनेटकडं बघत गाडी हाणतो?

चौथी भर बाजारात फुटली.
दोन किलो कांदे, पावशेर मिरच्या, एक नारळ.
नारळ घरंगळत गेला भांडेवाल्याच्या पातेल्यात,
टण्णकन!
मी खाली बसून कांदे वेचत होतो,
तर एक म्हातारा ओळखून म्हणाला,
"काय मास्तर, आज सुट्टे पडले का?"

आपांनी ती फाटकी पिशवी मांडीवर घेतली.
बंदाच्या बुडाशी बोट ठेवलं.
"भार कुठं यायलाय, ते बघा की आधी.
तिथंच कापडाला एकटं सोडलंत तुम्ही."
आतून एक जाड तुकडा,
त्यावर टीपेचा चौकोन, चौकोनात फुली,
फुलीवर परत एकदा टीप.
मला मागच्या सीटखालचा पाटा आठवला,
प्रत्येक खड्ड्यात
सगळी गाडी तिथंच कण्हायची.

त्या उन्हाळ्यात शिवण्याहून उसवणं जास्त झालं.
ब्लेड दोऱ्यावर धरायचं, कापडाला लागू द्यायचं नाही,
एक सोडून एक टाका कापत गेलं
की अख्खा दोरा सुर्रकन निघून येतो.
भोकं मागं राहतात.
पाण्याचा हात लावून नखानं घासली
तर तीही मिटतात. बऱ्यापैकी.

आणि अस्तर!
शेवटाला चार बोटं जागा सोडलेली,
त्या फटीतून ओढून ओढून
अख्खी पिशवी बाहेर काढली,
कोपरे पेन्सिलीनं टोचून टोकदार केले.
सुभद्रानं हातातला चहा खाली ठेवला.
"वासरू निघाल्यागत निघाली की ओ!"

गणवेशाची खाकी संपली. मग जुने पडदे,
मग पोरीची शाळेतली निळी ओढणी
(फोन करून, विचारून, तीही अस्तरालाच).

तेविसावी आपांना दाखवली.
बाहेरून त्यांनी बघितलीच नाही.
उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली,
एक लोंबता दोरा दातानं तोडला,
मग दोन्ही बंद ओढले, चांगले जोर लावून,
माझ्या पोटात कसंतरीच झालं.
कात्री, टेप, खडूची डबी आत टाकली,
खांद्याला अडकवली
आणि कुणाच्यातरी लग्नाची मापं घ्यायला निघाल्या.
पैशाचं काही बोलल्या नाहीत.
शाबासकीचंही.

मी दारात उभा.
पिठाच्या गिरणीच्या वळणापर्यंत
पिशवी सरळ लोंबत होती.

चोविसावीला आता खिसा लावायला घेतलाय.
उलटा लागला.
सुभद्रा, ब्लेड कुठं ठेवलंस?