स्वतःकडून उसने

वीस हजारांची एफडी अडकवली
कर्वेनगरच्या शाखेत,
तेव्हा मिळालं हे कार्ड.
म्हणजे माझेच पैसे,
मलाच उसने, तेही जपून.

महिन्यातून एकदा नळस्टॉपच्या पंपावर
दोनशेचं पेट्रोल. बस्स.
बिल आलं की त्याच रात्री भरतो,
पावतीचा स्क्रीनशॉट शरयूला पाठवतो.
ती शेजारच्याच खोलीत असते.

वसुलीवाले थांबले, त्याला दोन वर्षं झाली.
अजूनही अनोळखी नंबर वाजला
की ती गॅस बारीक करते, ऐकायला.

आज स्कोअर सहाशे अकरा.
"किती वाढला?"
"तेवीस."
"आणि पास व्हायला?"
मी आकडा सांगितला.
"बराच अभ्यास आहे," म्हणाली
कढईवरून नजर न काढता.

तेवढ्यात फोन वाजला.
अनोळखी.
मोहरी तडतडतच राहिली.