निळं फाटक

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवर चढत गेलेल्या कुंपणांत
गल्ल्यांना नावं नाहीत.
फोनवर बाई सांगते: निळं फाटक, पुढे मोडका ट्रक,
मग डावीकडे, नाही, थांबा...
आणि तिच्यामागे काहीतरी तडतडतं.

गेल्या जानेवारीत बंब नकाशातल्या वाटेनं गेला.
नकाशात वाट आरपार होती.
जमिनीवर कुणीतरी कुंपण दोन हात पुढे सरकवलेलं.
उणे तीसमध्ये मागे वळायला सात मिनिटं.
तोवर बातबायरचं नमद्याचं गेर
एक काळं वर्तुळ,
मधोमध चूल, शाबूत.

तेव्हापासून त्सेवेलमा चालते आहे.
हातमोज्याचं एक बोट कापलेलं, फोनच्या पडद्याला टेकवायला.
इथे बंब वळतो. इथे नाही.
इथे पाणी आहे, पण किल्ली गानसुखकडे,
आणि गानसुख रात्री पितो. (हेही नोंदवते.)
मुलं मागं लागतात: आजी, काय हरवलंय?
रस्ता, ती म्हणते.

ठाण्यातल्या पडद्यावर मिनिटांचे रंग पसरतात:
पाचापर्यंत हिरवा, दहापर्यंत पिवळा,
त्यापलीकडे रंगच नाही.
तिथे तिची बहीण राहते.
ती काही बोलत नाही, नुसतं बोट ठेवते.
हिवाळ्यापुरता एक टँकर शाळेच्या आवारात येऊन उभा राहतो.

काल रात्री अकरा मिनिटं लागली. आधी एकोणीस लागायची.
अर्धं छप्पर गेलं. बाई बाहेर उभी,
काखेत पोर, पायाशी शिवणयंत्र.

सकाळी वरच्या गल्लीतून निरोप:
निळं फाटक कुणीतरी हिरवं रंगवलंय.
त्सेवेलमा बूट चढवते.