खोली

फेब्रुवारीत ॲरिझोनाच्या गवतावर पहाटे हिव असतं,
आठ वाजेपर्यंत विरतं.
त्याआधीच मी गुडघे दुमडून बसलेला असतो
बुलपेनमध्ये, प्लेटच्या मागे,
एक्केचाळीस वर्षांचा, सामन्यात कधीच न उतरणारा कॅचर.

हंगामात पाच पिचरांची पाळी असते.
आज हा, उद्या तो, पाचव्यानंतर पुन्हा पहिला.
मॅनेजरच्या भिंतीवर पांढरा फळा,
त्यावर चुंबकाच्या पट्ट्या, पट्टीवर नाव.
पाच नावांखाली रेघ.
रेघेखाली आणखी तिघं.
ती तिघं म्हणजे संघाची खोली.

पत्रकार विचारतात, यंदा खोली किती?
मॅनेजर म्हणतो, भरपूर.

मला फळा वाचावा लागत नाही.
डावा तळहात सांगतो कोण टाकतंय.
पेगेरोचा चेंडू अंगठ्याच्या बुडाशी चावतो,
टीसडेलचा हाडापर्यंत जातो, रात्री भाकरी तोडतानाही
नाही, चुकलो, ब्रेड तोडतानाही
कळतं की आज टीसडेल होता.
आणि आठवा, ऑर्विन ब्रँडवोल्ड,
वय तेहेतीस, कोपरावर दोन शस्त्रक्रियांचे व्रण एकमेकांना छेदून गेलेले,
त्याचा चेंडू लागतच नाही.
येतो, आणि हातात असतो,
शेजाऱ्याने किल्ली परत द्यावी तसा.

इथल्या कोरड्या हवेत कर्व्हबॉल नीट वळत नाही.
नवी पोरं धास्तावतात, बोटं बदलून बघतात.
ब्रँडवोल्ड म्हणतो, हवा खोटं बोलते,
मनावर घ्यायचं नाही.

संघाला खोली हवी म्हणून
तो हायवेलगतच्या मोटेलात एका खोलीत राहतो,
एकशे अठरा, तळमजला,
भिंतीपलीकडे बर्फाचं यंत्र रात्रभर खडखडतं.
बादलीत कोपर बुडवून बसलेला असताना
नॉर्थ डकोटाहून मुलीचा फोन येतो.
बाबा, तू कितवा?
आठवा.
मग सातवा कधी होणार?
मला सांगताना तो इथे हसला.
म्हणाला, खरं उत्तर एकच होतं,
आणि ते सात वर्षांच्या पोरीला कसं देणार,
की कुणाचं तरी दुखलं की.

अकरा मार्च, दुसरी इनिंग.
आवाज येतो म्हणतात, तसा काही आला नाही.
टीसडेलने फक्त हात झटकला,
ओला हात झटकावा तसा,
आणि डगआउटकडे बघायचं टाळलं.
डॉक्टर माउंडकडे निघाले तेव्हा
बाकावरची तिघं
एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या बघू लागली.
मी बघितलं. बघायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या एकेक घर वर सरकल्या.
टीसडेलची पट्टी फळ्याच्या कोपऱ्यात, आडवी.
ब्रँडवोल्ड सातवा.
मुलीला त्याने चार दिवस सांगितलं नाही.

मार्चअखेर रेघेवरचे पाच विमानाने गेले.
रेघेखालच्यांना खालच्या दर्जाच्या संघाकडे जायचं,
आपापल्या गाडीने, सहाशे मैल.
त्याच्या डिकीत बॅगा, मागच्या सीटवर बर्फाची बादली.
इंजिन बंद करून तो बुलपेनपाशी आला.
वीस टाकू? म्हणाला.
मी मास्क शोधला, गुडघे दुमडले.

कडेने पाण्याचे फवारे सुरू झाले होते.
सातव्या की आठव्या चेंडूला टीसडेल आला,
हात झोळीत, कुंपणाला टेकून उभा राहिला.
कोणी कोणाला काही म्हणालं नाही.
चौदावा कर्व्हबॉल.
वळला, टीसडेल म्हणाला.

मला तसं वाटलं नाही.
चेंडू सरळच आला होता, हातात होता.
मी परत फेकला,
आणि तळहात मांडीला पुसून
पंधराव्यासाठी पुढे धरला.